जागा भरणे आहे

बाई म्हणाल्या, पुढच्या ऑक्टोबरची जाहिरात तूच लिही,
काय लागतं ते तुला ठाऊक आहे.
तर लिहिते आहे, शेफील्डच्या या तळघरात,
यंत्र क्रमांक चारशेजारी स्टूल ओढून :

जागा एक. मुदत साडेतीन वर्षं.
विषय, रेल्वेच्या आसांच्या पोलादाला येणारा थकवा.
विद्यावेतन करमुक्त. फी विभाग भरेल.

इथवर सोपं होतं.

'थकवा' हा शब्द फोनवर पहिल्यांदा सांगितला तेव्हा अप्पा हसले.
शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे भरलेला माणूस.
'लोखंड दमतंय हे बघायला एवढ्या लांब गेलीस व्हय?
आमच्यात हातोडीनं वाजवलं की कळतंय.'

कळतं खरंच. आमचा तंत्रज्ञ किथ ऑलरेनशॉ
नमुना बसवण्याआधी पान्याच्या टोकानं एकदा टक् करतो,
मान तिरकी, डोळे मिटलेले,
आणि ठीक असलं तर म्हणतो, 'आय.'
आमच्याकडे ती आई. इकडे तो होकार.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं, याला घरची आठवण येतेय.

यंत्र सेकंदाला वीसदा ओढतं, वीसदा सोडतं.
एक कोटी फेऱ्यांना पावणेसहा दिवस.
पाचव्या रात्री वरच्या मजल्यावर कुणी टोस्ट जाळला,
घंटा झाली, वीज तोडली,
शहाऐंशी लाखांवर आकडा विझला
आणि मी पार्किंगमध्ये इतर सव्वीस जणांसोबत
आपापल्या शून्याकडे बघत उभी.
थांबलेला नमुना पुन्हा चालवत नाही आम्ही.
विसावलेलं पोलाद वेगळं वागतं, असं बाई म्हणतात.
माणसांबद्दल त्या काही म्हणत नाहीत.

'उमेदवाराला पुन्हा एकपासून मोजता यावं.'
लिहिलं. खोडलं.

'व्हिसा आणि आरोग्याचा अधिभार स्वतः सोसावा.'
हे इफेओमाच्या सांगण्यावरून लिहिलं.
तिच्या सरकारचे पैसे दुसऱ्या वर्षी यायचे थांबले,
तेव्हापासून शनिवार-रविवार ती मॉलमध्ये बूट विकते.
तिथं पूर्वी पोलादाची भट्टी होती, असं किथ सांगतो,
त्याचे वडील तिथंच कामाला होते.
हे वाक्य बाईंनी काढलं. धोरणात बसत नाही म्हणाल्या.

मग तुटलेल्या तोंडाचा फोटो जोडला.
भिंगाखाली ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या रेघा,
एकीमागे एक, सगळ्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या :
मोहरीहून बारीक, मळीचा एक कण,
ओततानाच आत राहिलेला.
कढईवरची मळी ओढणारा पोरगा
क्षणभर दुसरीकडे बघत असला पाहिजे.
कुणीतरी हाक मारली असेल.
अप्पांना हा फोटो पाठवला होता मी.
दोन दिवस उत्तर आलं नाही,
मग आलं ते एवढंच : 'कुठल्या साली ओतलेलं?'

काही नमुने तुटतच नाहीत.
कोटी पूर्ण झाल्यावर आम्हीच यंत्र बंद करतो
आणि आलेखावर त्या ठिपक्यापुढं उजवीकडे बाण काढतो.
म्हणजे, इथून पुढचं आम्ही पाहिलं नाही.

किथ जूनमध्ये निवृत्त होतोय.
त्याच्या जागेची जाहिरात कोण लिहिणार, मी विचारलं.
बाई खिडकीकडे बघत राहिल्या. तळघरात खिडकी नाही.
ती जागा भरणे नाही.

सध्या रोज चारनंतर तो मला वाजवायला शिकवतो.
चांगला नमुना. टक्. भेगाळलेला. टक्.
'ऐकलंस?'
'नाही.'
'पुन्हा.'

तेव्हा शेवटच्या ओळीत मी लिहिते आहे,
उद्या ती राहील की नाही, माहीत नाही :
अनुभवाची अट नाही.
कान असल्यास प्राधान्य.
मेपर्यंत येता आलं तर बरं.